शिवण वर्ग, सोलापूर : प्रकल्प नोंदी (जानेवारी ते जून २०२५)

६ जानेवारी २०२५, सोमवार

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आज वर्ग सुरू झाला. बारा मशीनं आहेत : आठ पायमशीनं, तीन मोटर बसवलेली घरगुती आणि एक पॉवर मशीन, एमआयडीसीतल्या एका युनिटने नवीन घेतल्यावर काढून टाकलेलं. ओव्हरलॉक, कापडाच्या सुटणाऱ्या कडा बंद करणारं मशीन, अजून यायचं आहे. प्रत्येक मशीनच्या फळीवर ऑइलपेंटने नंबर टाकला. या वहीत बायकांची नावं येणार नाहीत, त्यांच्या मशीनचे नंबरच येतील. शहर मोठं असलं तरी आपली मंडळी, म्हणजे चर्चची सभासद कुटुंबं, लहान. कोणाच्या घरी काय चाललंय ते नावासकट कागदावर राहायला नको.

१ नंबर विधवा, दोन मुलं. ४ आणि ५ विड्या वळतात. ७ खाजगी दवाखान्यात आया, रात्रपाळी. ९ ला नवऱ्यानं टाकलंय, माहेरी भावजयीच्या हाताखाली राहते. ११ सगळ्यात धाकटी, दहावीला गणितात अडकलेली. ५ आणि ८ घरी तेलुगू बोलतात. ६ आणि १२ ख्रिस्ती नाहीत, शेजारच्याच गल्लीतल्या आहेत. देणगीदारांना तसं कळवलं. अर्ज आले, गरज होती, घेतलं.

वेळेवरून तासभर वाद. आम्ही पत्रकावर ११ ते १ छापलं होतं. ४ आणि ५ म्हणाल्या, सकाळी वळलेल्या विड्या विडी कंपनीच्या ब्रँचला घालून पानं-तंबाखू घेऊन यायला बारा वाजतात. ७ ला सकाळी झोप हवी. शेवटी २ ते ५ ठरलं. आणि पाण्याचं काय? सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, तेही कधी दुपारी तर कधी मध्यरात्री. ज्या दिवशी ज्या भागात पाणी, त्या भागातली बाई येणार नाही, हे आधीच धरून चालायचं. फळ्यावर एका कोपऱ्यात कोणाच्या भागात पाणी कधी ते लिहायला सुरुवात केली. त्या दिवशीची गैरहजेरी धरायची नाही.

८ जानेवारी, बुधवार

सुईत दोरा नाही आणि खाली कापडही नाही. शिवणाच्या बाईंनी शाळेच्या वहीचे रेघी कागद वाटले. रेघेवरून सुई चालवायची, छिद्रं रेघेवरच पडली पाहिजेत. सरळ रेघ जमली की चौकोन, मग गोगलगायीसारखं वेटोळं. पायमशीनवर खरी मेहनत पायाची असते. पाय जरा उलटा पडला की चाक मागे फिरतं आणि दोरा असता तर तुटलाच असता. १ नंबर दहा मिनिटांत रुळली, लग्नाआधी आईचं मशीन चालवलं होतं म्हणे. ११ नंबरचा कागद चाळणी.

पॉवर मशीनला कोणालाच हात लावू दिला नाही. ते मिनिटाला चार-पाच हजार टाके घालायला बनवलेलं असतं. घरगुती मशीन हजाराच्या आसपास थकतं. नवख्या पायाखाली ते सुटलं तर बोट जाईल.

२० जानेवारी, सोमवार

गेला आठवडा गड्ड्याचा, सिद्धेश्वरांच्या यात्रेचा. आमचा धर्म वेगळा, यात्रेला आम्ही कशाला जाऊ, असं कोणी म्हणत नाही सोलापुरात. होम मैदानावरच्या पाळण्यात सगळ्याच जातीधर्माची पोरं बसतात. वर्गात चौघीच होत्या. आज बाराही आल्या, तिघींच्या हातात नव्या बांगड्या.

३ फेब्रुवारी, सोमवार

आठवडाभर एकच तक्रार : "बाई, खाली गुंता व्हायलाय." कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं. सगळ्या बॉबीन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, काढून झटकतात, बॉबीन केसचा स्क्रू पिळतात, घरी नवऱ्याला सांगतात मशीन खराब आहे. आज बाईंनी ४ नंबरचं मशीन मधोमध ओढलं आणि सगळ्यांना भोवती उभं केलं. बॉबीनला हातही लावला नाही. वरचा दोरा काढला, कापड दाबून धरणारा फूट वर उचलला, दोरा ताण देणाऱ्या टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये बसवला, वर नेला, उचलणाऱ्या लिव्हरच्या भोकातून खाली आणला, सुईत घातला. फूट खाली टाकला. शिवलं. दोन्ही बाजूंना सारखी शिलाई. मग त्यांनी मुद्दाम दोरा चकत्यांच्या बाहेरून घेतला. लगेच खाली जाळं. खाली गुंता असेल तर आधी वर बघा. फूट खाली असताना दोरा ओवला तर चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा आत बसतच नाही. हे वहीत लिहून घेतलं. ५ नंबरला लिहिता येत नाही, तिने तेलुगूत सांगितलं आणि ८ ने लिहून दिलं. ती चिठ्ठी आता मशीनच्या खणात.

४ आणि ५ च्या बोटांकडे बघत बसावं असं आहे. तेंदूचं पान साच्याने कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड बंद करायचं, हजार वेळा, आणि वाकडी विडी ब्रँचवाला छाटून बाजूला टाकणार, तिचे पैसे नाहीत. त्या हातांना कापडाची घडी सरळ धरणं काहीच नाही. नेफा दुमडताना दोघी टाचणीही लावत नाहीत. बाकीच्या अजून चार-चार टाचण्या तोंडात धरून बसतात, ते मात्र मी बंद केलंय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सहा कळ्यांचा परकर झाला. कळ्या उलटसुलट मांडून कापल्या की कापड वाचतं, आणि जोडताना एका कळीची तिरकी कड दुसरीच्या सरळ कडेला लावायची, नाहीतर धुतल्यावर घेर लोंबतो. चौघींनी तिरकीला तिरकी जोडली. बाईंनी उसवायला लावलं. उसवणं हा अर्धा अभ्यासक्रम आहे.

मग हिशेब मांडायला बसलो, फळ्यावर. दोन मीटर पॉपलीन ९० रुपये, नाडी-दोरा १०, शिलाई म्हणून हाताचे ६०. एकूण १६०. मधला मारुतीच्या बाजारात तयार परकर १२० ला मिळतो, दोन घेतले तर घासाघीस वेगळी. वर्गात शांतता. ९ नंबर म्हणाली, "मग आम्ही शिकायलोय कशाला?"

प्रश्न बरोबर आहे आणि तो पहिल्या महिन्यातच यायला हवा, प्रमाणपत्र वाटताना नाही. तयार मालाच्या भावाशी आम्ही कधीच भिडणार नाही. ठोकात कापड घेणारा, दिवसाला शेकडो नग कापणारा कारखाना आणि पायमशीनवरची एक बाई, यांचा भाव सारखा येईल कसा? आमची जागा तयार माल जिथे बसत नाही तिथे आहे : जाड बाईचा परकर, ब्लाऊज, आणि सगळ्यात जास्त अल्टर. पँटची चेन बदलणं, बाही आत घेणं, फॉल-पिको. फॉल हाताने लावायला वेळ लागतो, पण चेन बदलायला वीस मिनिटं आणि पैसे शिवणाच्या मानाने चांगले. वर्गात कोणाला अल्टर आवडत नाही. जुना, घातलेला कपडा हातात घ्यायचा, कुणाचा घाम. ७ म्हणाली, "दवाखान्यात काय काय धुते मी, हे काय आहे त्यात." तिला फॉल-पिकोसाठी झिगझॅगवर बसवायचं ठरवलं.

परकर कोणी घेतले? सगळे मंडळीतच गेले. पैसे किती आले ते पुढे लिहीन.

५ मार्च, बुधवार

आज राखेचा बुधवार, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू. वर्ग अर्धाच घेतला, उरलेला वेळ कागदपत्रांवर.

पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल सगळ्यांनी ऐकलंय, "फुकट मशीन मिळतं" एवढंच. नीट सांगितलं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली योजना, अठरा पारंपरिक व्यवसाय, त्यात शिंपीकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, तेही रोख नाही, व्हाउचरने. प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन. पुढे एक लाखापर्यंत कर्ज, ते फेडलं की दोन लाखांपर्यंत, व्याज पाच टक्के. पण कुटुंबातून एकालाच, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. ४ नंबरचा नवरा गवंडी. त्याने आधीच गवंडी म्हणून नाव घातलंय. म्हणजे ती बाद. ती काही बोलली नाही. ५ ने तेलुगूत जे म्हटलं ते ८ ने भाषांतर करून सांगायला नकार दिला.

३ नंबरने विचारलं, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जुनी जात आहे, मग आपल्याला अनुसूचित जातीचे दाखले का मिळत नाहीत? दरवर्षी कोणीतरी विचारतंच. राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात जवळजवळ फक्त हिंदू धरले होते, १९५६ मध्ये सगळे शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आजही त्यात नाहीत. २०२२ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला, प्रश्न तिथे आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात. शिवाय १९९३ पासून केंद्राच्या यादीत आपण अल्पसंख्याक, त्यामुळे अल्पसंख्याकांच्या कर्जयोजनांचं दार उघडं. विश्वकर्माला जातीचा दाखला लागतच नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून तिचा चेहरा सुटला. ३ आणि ९ चे अर्ज सेतूसारख्या सुविधा केंद्रात भरायचे. ९ ची अडचण : रेशनकार्डावर नाव अजून सासरी.

२२ मार्च, शनिवार

सगळ्यांना घेऊन गणवेशाच्या कारखान्यात. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते, पण गेल्या काही वर्षांत गणवेश हे इथलं मोठं काम झालंय. देशभरच्या शाळांचा माल इथे शिवला जातो. मार्च म्हणजे ऐन हंगाम, जूनच्या आत सगळं निघालं पाहिजे. मी स्वतः लग्नानंतर काही वर्षं अशाच एका ठिकाणी चेकिंगला होते, त्यामुळे मला नवं काही नव्हतं. बघायचं होतं ते यांचे चेहरे.

हाफ पँटची लाईन चालू होती. एक बाई फक्त खिसा लावते. पुढची फक्त चेन. त्यापुढची बेल्ट. बंडल पुढे सरकतं, कोणी अख्खी पँट शिवत नाही. १ नंबर, जी वर्गात सगळ्यात पुढे आहे, तिचं तोंड उतरलं : "हे शिवणं नव्हेच की." ५ मात्र चेनवाल्या बाईपाशी कितीतरी वेळ उभी. दिवसाला नग किती, पैसे आठवड्याला की महिन्याला, सुट्टी कापतात का, सगळं विचारून घेतलं. तिला हे काम विडीसारखंच दिसलं आणि तिच्या दृष्टीने ते चांगलं लक्षण होतं. सावली, पंखा, तंबाखूचा वास नाही.

सरकारी कौशल्य अभ्यासक्रमांतही हे दोन रस्ते वेगळेच आहेत. "सेल्फ एम्प्लॉइड टेलर" हा एक, "शिलाई मशीन ऑपरेटर" हा दुसरा. आपण मात्र बाराजणींना एकाच रस्त्यावर ढकलत होतो, कारण देणगीदारांच्या अर्जात "स्वावलंबी" लिहिलेलं असतं आणि स्वावलंबी म्हणजे स्वतःचं दुकान, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. आठवड्याला पगार घेऊन घरी येणारी बाई काय परावलंबी?

कुठल्याही कारखान्यात मी आधी बायकांचा संडास बघते. इथे वेगळा होता. कडी नव्हती. मालकांना सांगितलं, लावतो म्हणाले.

९ एप्रिल, बुधवार

ब्लाऊज. वर्गाचा खरा कस. साडीबरोबर येणारा ब्लाऊजपीस जेमतेम ऐंशी सेंटिमीटर. चुकलं तर त्याच रंगाचं दुसरं कापड जगात नाही, आणि गिऱ्हाईक म्हणजे चुलत सासू. म्हणून आधी मांजरपाटावर, तेही भिजवून वाळवलेल्या. सुती कापड न भिजवता कापलं तर पहिल्या धुण्यात छातीला बसत नाही.

बाहीवर दोन दिवस गेले. पुढचा मुंढा, बाही जोडायची गोलाई, मागच्यापेक्षा खोल असतो, हे तोंडपाठ सगळ्यांना. कापड घडी न घालता एकेक बाही सुटी कापली की मात्र हमखास दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या होतात. २, १० आणि ११, तिघींच्या झाल्या. ११ ने तर लावूनही टाकल्या, घालून बघितलं आणि म्हणाली, "बाई, एक हात मागं जायलाय." बाई हसता हसता खुर्चीवर बसल्या. आता प्रत्येक बाहीच्या पुढच्या बाजूला खडूने फुली मारल्याशिवाय कात्री लावायची नाही.

येत्या रविवारी झावळ्यांचा सण, मग उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), मग ईस्टर. शुक्रवारच्या पांढऱ्या साडीवर पांढरा ब्लाऊज लागतो, ईस्टरला नवा. मंडळीतून ऑर्डरी यायला लागल्यात. पाळकांनी, आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, गेल्या रविवारी बायबलमधल्या दुर्कसबद्दल सांगितलं. यापोची ती शिष्या, विधवांसाठी अंगरखे शिवणारी. ती मेली तेव्हा त्या विधवा रडत रडत पेत्राला ते कपडे दाखवत होत्या. सुंदर उपदेश. फक्त उपासनेनंतर दारातच तीन जणींनी मला "आपल्या पोरी काही जास्त घेणार नाहीत ना?" असं विचारलं, तेव्हा वाटलं, दुर्कसने पैसे घेतले असते तर आमचं काम सोपं झालं असतं.

२१ एप्रिल, सोमवार

ईस्टर झाला. आज हिशेबाची वही उघडली. हे लिहायला वेळ घेते, कारण प्रकल्प इथेच अडलाय असं माझं मत आहे.

दोन आठवड्यांत वर्गाने एकतीस ब्लाऊज शिवले. बिनअस्तराला दीडशे आणि अस्तराच्या ब्लाऊजला तीनशे असं आपण ठरवलं होतं, बाजारापेक्षा कमीच. पूर्ण पैसे आले अकरा ब्लाऊजचे. बाकीच्यांत कोणी शंभर दिले, कोणी "पुढच्या रविवारी देते", कोणी साखरेचा पुडा, एकीने पोरासाठी जुनी सायकल. १ नंबरने सहा शिवले आणि तिच्या हातात आले साडेतीनशे रुपये. फेब्रुवारीतल्या परकरांचंही तेच झालं होतं, तेव्हा पहिलाच माल म्हणून सोडून दिलं.

आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांचं? ६ आणि १२ नी त्यांच्या गल्लीत, जिथे मंडळीतलं कोणी नाही, पाच ब्लाऊज शिवले. पाचांचेही पूर्ण पैसे, रोख.

म्हणजे शिलाई कच्ची म्हणून पैसे बुडाले असं नाही. एकाच वर्गाची, एकाच बाईंनी तपासलेली शिलाई. मंडळी लहान आहे, प्रत्येकजण कोणाची तरी मावशी, वहिनी, लग्नातली करवली. ऑर्डर त्या नात्यातूनच येते आणि पैसेही त्याच नात्यात जिरतात. "आपलीच आहेस की" म्हटल्यावर कोण हिशेब मांडणार? ९ नंबरला तर तिच्या भावजयीच्या बहिणीचाच ब्लाऊज होता. मागितले असते तर घरात राहणं अवघड झालं असतं. बाई आजारी असली की हीच मंडळी डबा घेऊन जाते, तेही खरं. पण डब्याने वीजबिल भरत नाही.

वर्गात सगळ्यांसमोर बोललो. आधी कोणी बोलेना. मग ७ बोलली, आणि तिचं कौतुक वाटलं : "दवाखान्यात कोणी मला म्हणत नाही की तू आपलीच, पगार पुढच्या महिन्यात घे."

ठरलं ते असं. माप घेताना निम्मे पैसे, त्याशिवाय कापडाला कात्री नाही. दरपत्रक मोठ्या अक्षरात हॉलच्या दारावर, चर्चच्या शिक्क्यासकट. पैसे बाईने मागायचे नाहीत, वर्गाच्या पावतीपुस्तकातून मी घ्यायचे, म्हणजे नातं तिचं राहील आणि वाईटपणा माझ्याकडे. मला चालतो. आणि ज्याला खरंच फुकट द्यायचंय, त्या गरजू म्हाताऱ्या आज्ज्या वगैरे, त्यांचे पैसे महिला मंडळाच्या निधीतून भरायचे. दान द्यायचं तर मंडळीने द्यावं, शिवणाऱ्या विधवेच्या खिशातून कशाला?

२८ एप्रिल, सोमवार

पारा चाळिशीच्या पार. पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारी दोनला बसणं अशक्य. वर्ग सकाळी ७ ते १० केला, विडीवाल्यांनी ब्रँचचं काम सासवांवर टाकलं. दरपत्रक लागलंय. दोघींनी ऑर्डर परत घेतली. सहा नव्या आल्या.

१९ मे, सोमवार

काल पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली, आठ माणसं गेली. मालकाच्या घरातली आणि कामगारांच्या घरातलीही. वर्ग भरला, पण शिवलं कोणी नाही. पाळक आले, प्रार्थना झाली. ८ च्या मामाचं घर त्या भागात आहे, ती रात्रभर जागी होती.

५ नंबरचं कारखान्यात जायचं जवळजवळ ठरलं होतं. घरच्यांनी आज नको म्हटलं. मी आग्रह केला नाही. तिला एवढंच सांगितलं की जाशील तेव्हा बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे आहे, तो आतून कुलूप लावलेला असतो का, हे पहिल्या दिवशी बघ, पगार विचारायच्या आधी.

दुपारी वायरमनला बोलावून आपल्याच हॉलचं बघितलं. इस्त्रीचा प्लग आणि तीन मोटरी एकाच बोर्डावर, जोडवायरीने. ती उद्याच वेगळी करायची. कापडाचे चिंधे आठवडाभर टेबलाखाली साठतात, ते रोज संध्याकाळी बाहेर. इस्त्री शेवटी बंद करणाऱ्याने फळ्यावर नंबर लिहायचा.

२ जून, सोमवार

मे अखेरीस एवढा पाऊस सोलापुरात मी तरी पाहिला नव्हता. हॉल दोन ठिकाणी गळाला, ६ नंबरच्या मशीनवर प्लॅस्टिक.

एका गणवेशवाल्याकडून जॉबवर्क मिळालं : पिनोफ्रॉक, म्हणजे शाळेच्या मुलींचे बिनबाह्यांचे फ्रॉक, कापून दिलेले, फक्त जोडायचे. पहिल्या बंडलातले निम्मे नग परत आले. बॉक्स प्लेटी, फ्रॉकच्या चपट्या चुण्या, कमी-जास्त. एक सव्वा इंच, शेजारची पाऊण. घरच्या ब्लाऊजमध्ये असा फरक माप घेऊन झाकता येतो, इथे चाळीस पोरी एका रांगेत उभ्या राहणार. बाईंनी पुठ्ठ्याची पट्टी कापून दिली, प्लेट त्या पट्टीवर दुमडायची आणि मगच शिलाई. दुसरं बंडल पास. नगाला दर फार कमी आहे हे मला मान्य आहे. पण पैसे शनिवारी येतात आणि कोणी "आपलीच" म्हणत नाही.

ओव्हरलॉक अखेर आलं.

१६ जून, सोमवार

शाळा उघडल्या. सकाळी भैया चौकातून येताना गणवेशातली पोरं दिसली की नजर आपोआप प्लेटींवर जाते.

कोण कुठे आहे ते लिहून ठेवते. १ नंबरने घराच्या पुढच्या खोलीत मशीन मांडलंय, ब्लाऊजच, दरपत्रक भिंतीवर. ५ गेल्या सोमवारपासून कारखान्यात जाते, वेगळ्या, नवऱ्याने स्वतः जाऊन दरवाजे बघून आल्यावर. ४ विड्याच वळते, वर्गाचं जॉबवर्क दुपारी करते; विडी सोडली तर भविष्यनिधीची जुनी वर्षं वाया जातील अशी तिला भीती, त्याची माहिती काढायची आहे. ७ फॉल-पिको आणि अल्टर, दवाखान्यातल्या नर्सबाईंची कामं तिलाच मिळतात. ३ चा विश्वकर्माचा अर्ज पहिल्या पडताळणीतून पुढे गेला. ९ चं रेशनकार्ड अजून अडकलंय. २ आणि १० येईनाशा झाल्या, एकीचं लग्न, दुसरीच्या घरी सासऱ्यांचा पाय मोडला. ११ ने पुरवणी परीक्षेचा अर्ज भरलाय. ६, ८, १२ जॉबवर्कवर.

देणगीदारांना मशीनवाटपाचा कार्यक्रम हवाय, हार-फोटोसकट, बाराही मशीनं फुकट. मी लेखी नको म्हणून कळवलंय. फुकट दिलेलं मशीन घरात सहा महिन्यांत टेबल होतं, त्यावर टीव्ही येतो. त्याऐवजी ज्यांचं काम चालू आहे त्यांना वापरातलं मशीन हप्त्याने, कमाईतून, बिनव्याजी. हप्त्यांच्या पैशातून पुढच्या तुकडीसाठी दुसरं पॉवर मशीन. उत्तर यायचं आहे.

२३ जून, सोमवार

चर्चच्या कमिटीकडे माझ्याविरुद्ध अर्ज आलाय. सही एका जुन्या सभासद कुटुंबातली. मुद्दे दोन : चर्चच्या हॉलमध्ये धंदा चालतो, आणि १ नंबरने अस्तराच्या ब्लाऊजचा दर परस्पर साडेतीनशे केला.

दुसरा मुद्दा मला आजच कळला. तिला विचारलं. म्हणाली, अस्तराचं कापड महागलं, आणि तीनशेत येणाऱ्या सगळ्या तिच्याकडे आधीच आहेत. वाढवल्यावर एकच गेली.

कमिटी रविवारी उपासनेनंतर आहे. पहिल्या मुद्द्यासाठी हॉलच्या भाड्याची पावती काढून ठेवली. दुसऱ्या मुद्द्याला उत्तर द्यायचं नाही, दर तिचा आहे. नव्या तुकडीचे अर्ज सोमवारपासून. पत्रकावर वेळ छापायची नाही, पाण्याच्या पाळ्या बघून ठरवायची.